अलार्म वाजला होता

स्ट्रिपवाला | सोमवार, रात्री ९:४०

परवा पुतणीचा फोन आला होता. बातम्यांत काहीतरी बघून तिनं विचारलं, "काका, विमानं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तुमच्याकडं अलार्म असतो ना? मग तरी कशी आदळतात?" मी फोनवर दोन मिनिटांत काहीतरी उत्तर दिलं आणि रात्रभर ते मलाच पटेना. एकतीस वर्षं हवाई वाहतूक नियंत्रणात काढली. त्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं म्हणून हा धागा. लांबेल, आधीच सांगतो.

आधी अलार्म म्हणजे काय ते. रडारच्या पडद्यावर प्रत्येक विमान म्हणजे एक ठिपका आणि त्याला चिकटलेलं लेबल: विमानाचं नाव, उंची, वेग. दोन विमानांत उभं अंतर हजार फूट हवं, नाहीतर आडवं अंतर पाच सागरी मैल हवं, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. विमानतळाजवळ ते तीन मैलांवर येतं. दोन्ही अंतरं एकाच वेळी मोडणार असं संगणकाला दिसलं की दोन्ही लेबलं लाल होऊन लुकलुकतात आणि आवाज येतो. ही एसटीसीए, दोन विमानांमधली सूचना. संगणक साधारण दोन मिनिटं पुढचं बघतो. दोन मिनिटं ऐकायला पुष्कळ वाटतात, पण समोरासमोर येणारी दोन जेट विमानं मिनिटाला तीस किलोमीटर अंतर खातात.

दुसरी सूचना जमिनीची. विमान डोंगराच्या किंवा जमिनीच्या फार जवळ चाललंय असं दिसलं तर ती वाजते, तिला एमएसएडब्ल्यू म्हणतात. तिसरी धावपट्टीची. चौथी निषिद्ध हवाई क्षेत्राची, तिच्याबद्दल इथं काही लिहीत नाही.

अलार्म वाजला की पुढचं काम माणसाचं. अमेरिकेच्या नियंत्रकांच्या नियमपुस्तकात विमानांत अंतर ठेवणं आणि सेफ्टी अलर्ट देणं ही दोन कामं एकाच वाक्यात पहिल्या क्रमांकावर ठेवली आहेत, बाकी सगळं नंतर. शब्दही ठरलेले. विमान खाली चाललं असेल तर "लो अल्टिट्यूड अलर्ट", विमानाचं नाव, "चेक युअर अल्टिट्यूड इमीजिएटली". विचार करून वाक्य जुळवायला वेळ नसतो म्हणून ते आधीच जुळवून ठेवलंय.

आता पुतणीचा प्रश्न. गाजलेल्या अपघातांचे अहवाल वाचले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: अलार्म वाजला होता. नाहीतर तो कुणीतरी आधीच बंद करून ठेवलेला होता.

१ जुलै २००२. जर्मनीतलं युबरलिंगेन, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावर. त्या भागातलं आकाश स्वित्झर्लंडमधल्या झुरिक केंद्राकडं होतं. रात्रीचे साडेअकरा. पाळीवर दोघं, पण रात्री वाहतूक कमी म्हणून एकजण विश्रांतीला गेलेला. हा तिथला नेहमीचा, सगळ्यांनी चालवून घेतलेला रिवाज. राहिला एक माणूस. त्याच रात्री रडार यंत्रणेवर देखभालीचं काम सुरू होतं, त्यामुळं पडद्यावर लाल होणारी सूचना मिळणार नव्हती. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मुख्य फोनलाइनही बंद, आणि पर्यायी लाइनीत बिघाड. त्यात एक उशिरा आलेलं विमान फ्रीडरिक्सहाफेनला उतरवायचं होतं, म्हणजे दुसऱ्या पडद्यावर, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर काम. तो खुर्ची सरकवत दोन्हीकडं बघत होता आणि फ्रीडरिक्सहाफेनचा फोन काही लागत नव्हता.

त्याच वेळी ३६,००० फुटांवर दोन विमानं एकाच बिंदूकडं येत होती. एक मालवाहू बोइंग ७५७. दुसरं रशियाचं तुपोलेव्ह, उफा शहरातल्या शाळकरी मुलांना सुटीसाठी बार्सिलोनाला नेणारं.

शेजारच्या कार्ल्सरूहे केंद्रातल्या पडद्यावर टकरीच्या दोन मिनिटं आधी हीच दोन लेबलं लाल झाली. तिथल्या नियंत्रकानं झुरिकला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा, पुन्हा. विमानं त्याच्या हद्दीत नव्हती, त्यामुळं तो त्यांच्याशी बोलू शकत नव्हता. समोर लाल लेबलं आणि हातात न लागणारा फोन. ही वेळ कुठल्याच नियंत्रकावर येऊ नये.

झुरिकमध्ये ऐकू येणारा अलार्म चालू होता. टकरीच्या ३२ सेकंद आधी तो वाजला, पण खोलीत कुणाच्याच लक्षात आला नाही. ७१ जण गेले, त्यात ५२ मुलं.

वाजला होता, हे मला पुतणीला सांगायचं होतं.

उरलेलं प्रतिसादांत लिहितो, जेवायला हाक आली आहे.

———

खिडकीसीट | सोमवार, रात्री १०:०५

दादा, अंगावर काटा आला. पण एक शंका. विमानात स्वतःची पण यंत्रणा असते ना? ती काही बोलली नाही का?

———

स्ट्रिपवाला | सोमवार, रात्री ११:१०

बोलली होती, आणि बरोबर बोलली होती.

विमानातल्या त्या यंत्रणेला टीकॅस म्हणतात. ती जमिनीवरच्या रडारवर अवलंबून नसते. दोन विमानांतली यंत्रं आपसांत ठरवतात, एकानं वर जायचं, दुसऱ्यानं खाली, आणि टकरीच्या साधारण अर्धा मिनिट आधी वैमानिकाला थेट आज्ञा देतात. युबरलिंगेनला बोइंगला "खाली" आणि तुपोलेव्हला "वर" अशी आज्ञा मिळाली. पण त्याच्या काही सेकंद आधी झुरिकच्या नियंत्रकाला स्वतःच्या डोळ्यांनी धोका दिसला होता आणि त्यानं तुपोलेव्हला खाली जायला सांगितलं होतं. सहवैमानिक कॉकपिटमध्ये म्हणाला की हे वर म्हणतंय. तरी ते खाली गेले. बोइंगही खाली येत होतं. दोघं ३४,८९० फुटांवर भेटले.

याआधी दीड वर्ष, ३१ जानेवारी २००१ ला, जपानमध्ये अगदी असंच घडलं होतं. तिथंही अलार्म वाजला. प्रशिक्षणार्थी नियंत्रकानं गडबडीत एका विमानाऐवजी दुसऱ्याचं नाव घेतलं, पर्यवेक्षकानं दुरुस्त करायला माइक घेतला तर त्याच्या तोंडून आकाशात नसलेल्याच विमानाचं नाव निघालं. त्या दोनांपैकी एक जंबो होतं, त्याच्या कप्तानानं यंत्राचं न ऐकता नियंत्रकाचं ऐकलं. शेवटच्या क्षणी डोळ्यांनी बघून त्यानं विमान हिसकावलं, सुमारे शंभर माणसं जखमी झाली, पण टक्कर टळली. दोन्ही विमानांत मिळून सव्वासहाशेहून जास्त लोक होते.

आता नियम स्पष्ट आहे. टीकॅसची आज्ञा आली की वैमानिकानं तीच पाळायची, नियंत्रक काहीही म्हणत असो. वैमानिक "टीकॅस आरए", म्हणजे टीकॅसची आज्ञा आली आहे, असं म्हणाला की आम्ही त्या विमानाला वर-खाली काही सांगायचं नाही. "रॉजर" म्हणायचं आणि गप्प बसायचं. बसून बघा एकदा, किती कठीण असतं ते.

———

प्रश्नचिन्ह | मंगळवार, सकाळी ७:५०

आपल्याकडं चरखी दादरीला १९९६ साली काय झालं होतं? मी तेव्हा शाळेत होतो, पेपरातला पहिल्या पानावरचा फोटो आठवतो. तिथं पण अलार्म वाजला होता का?

———

स्ट्रिपवाला | मंगळवार, सकाळी ९:३०

नाही. तिथं वाजायला अलार्मच नव्हता.

१२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळची वेळ. दिल्लीहून सौदीचं जंबो निघालं होतं, त्याला १४,००० फुटांपर्यंत परवानगी. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन दिल्लीला उतरायला येत होतं, त्याला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं. मध्ये हजार फूट, म्हणजे नियमात. नियंत्रकानं कझाक विमानाला समोरच्या जंबोची कल्पनाही दिली होती, १४ मैलांवर आहे, १४० लेव्हलला आहे (लेव्हलच्या आकड्यापुढं दोन शून्यं लावली की फूट, म्हणजे १४,०००). पण कझाक विमान १५,००० ला थांबलं नाही.

दिल्लीत तेव्हा प्राथमिक रडारवर काम चालायचं. त्यात ठिपका दिसतो, उंची दिसत नाही. विमान कुठल्या उंचीवर आहे हे कळायचा एकच मार्ग, वैमानिकाला विचारणं. उंचीच माहीत नसेल तर संगणक सूचना कशाच्या जोरावर देणार? दोन्ही विमानांत टीकॅसही नव्हतं. दिल्लीला येणारी आणि जाणारी नागरी विमानं त्या बाजूला एकाच पट्ट्यातून जात, कारण बाकीचं बरंचसं आकाश हवाई दलाकडं होतं. ३४९ माणसं गेली. हवेतल्या टकरीत एवढी माणसं त्याआधी किंवा त्यानंतर कधीच गेलेली नाहीत.

चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लाहोटी आयोगानं दिलेली उंची सोडून खाली आलेल्या कझाक वैमानिकांवर ठपका ठेवला. त्या विमानात रेडिओवर बोलणारा एक जण आणि विमान चालवणारे दुसरे. बोलणाऱ्याच्या समोर उंचीचं घड्याळ नव्हतं, वैमानिकाच्या खांद्यावरून डोकावून बघायचं. त्यानंतर दिल्लीत उंची दाखवणारं रडार आलं, येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, टीकॅस सक्तीचं झालं. आमच्या पिढीनं नोकरीतले दोन भाग बघितले, दादरीच्या आधीचा आणि नंतरचा.

———

अनुराधा_नाशिक | मंगळवार, दुपारी ३:२०

स्ट्रिपवालादादा, मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, वीस वर्षं झाली. तुमचं "वाजला होता" वाचलं आणि थोडा वेळ मोबाइल खाली ठेवला.

आमच्याकडं एका रुग्णाला मॉनिटर, व्हेंटिलेटर, औषधाचे दोन-तीन पंप. सगळ्यांचे आवाज वेगळे. रुग्णानं कूस बदलली की बोटावरचा ऑक्सिजनचा चिमटा सरकतो आणि मॉनिटर किंचाळतो. जाऊन बघायचं, चिमटा नीट लावायचा, आवाज बंद करायचा. एका पाळीत हे किती वेळा होतं ते मी कधी मोजलं नाही. कान इतके सरावतात की हात आपोआप त्या बटणाकडं जातो.

एकदा मी एका इस्पितळात असताना एका आजोबांचा अलार्म रात्रीत तीन वेळा चिमट्यामुळं वाजला होता. चौथ्यांदा वाजला तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला सक्शन देत होते, म्हणून मी तिथूनच हात लांब करून बंद केला. चिमटा बोटावर नीट होता. आजोबा वाचले, कारण आमच्या मावशी चादर बदलायला आल्या आणि म्हणाल्या, "ताई, यांचे ओठ बघा."

त्या रात्रीपासून मी कुठल्याही मॉनिटरचा आवाज रुग्णाच्या तोंडाकडं बघितल्याशिवाय बंद करत नाही. नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवते.

तुमच्याकडं असं होतं का? खोटे अलार्म?

———

यंत्रमानव | मंगळवार, दुपारी ४:४५

अनुराधाताई, दंडवत.

मी सॉफ्टवेअरवाला. हे "लांडगा आला रे आला" आहे. पण मग मर्यादा बदला ना. सूचना कमी द्या, म्हणजे दिली की लोक ऐकतील.

———

स्ट्रिपवाला | मंगळवार, रात्री १०:३०

यंत्रमानव, गोष्टीतला पोरगा खोटं बोलत होता. संगणक खोटं बोलत नाही. त्याला जेवढं माहीत आहे त्यावरून तो बरोबरच सांगतो, फक्त त्याला सगळं माहीत नसतं. आणि मर्यादा बदलण्याचं एक उदाहरण मी पहिल्या पोस्टमध्येच द्यायला हवं होतं.

जमिनीच्या सूचनेचा जन्म कसा झाला ते आधी. २९ डिसेंबर १९७२, मायामी. विमानाच्या पुढच्या चाकाचा दिवा लागेना म्हणून कॉकपिटमधले सगळे त्या एका दिव्यात गुंतले. विमानाला आपोआप एका उंचीवर धरून ठेवणारी यंत्रणा सुटली, ते कुणालाच कळलं नाही. मायामीच्या नियंत्रकाला पडद्यावर २,००० ऐवजी ९०० दिसलं. त्या काळी रडारचे आकडे मधूनच चुकीचे यायचे, त्याला वाटलं तसंच असेल. त्यानं फक्त विचारलं की कसं चाललंय तिकडं. त्यांनी सांगितलं की वळून परत येतो. अर्ध्या मिनिटाच्या आसपास विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत गेलं. १०१ माणसं गेली. यानंतर आणि १९७४ च्या व्हर्जिनियातल्या डोंगरावरच्या अपघातानंतर ठरलं की ९०० दिसल्यावर "कसं चाललंय" विचारायची पाळी यायला नको, संगणकानंच ओरडावं.

आता गुआम, पॅसिफिकमधलं अमेरिकेचं बेट. ६ ऑगस्ट १९९७. कोरियाचं जंबो रात्री पावसात उतरत होतं. धावपट्टीच्या दिशेनं उतार दाखवणारी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद. विमान धावपट्टीच्या अलीकडं निमिट्झ टेकडीवर आदळलं. २५४ पैकी २२८ गेले. गुआमला जमिनीची सूचना देणारी यंत्रणा होती. पण ती फार वेळा उगाच वाजते म्हणून तिची व्याप्ती मुद्दाम कापून ठेवलेली, रडारभोवतीचं ५४ मैलांचं वर्तुळ वगळून. यंत्रणेचा एकूण पल्ला होता ५५ मैल. म्हणजे बाहेरच्या कडेला एक मैलाची रिकामी बांगडी तेवढी शिल्लक, आणि तीही समुद्रावर. अपघातानंतर चाचणी करून बघितलं तर न कापलेली यंत्रणा आदळायच्या ६४ सेकंद आधी वाजली असती.

चौसष्ट सेकंद. "चेक युअर अल्टिट्यूड इमीजिएटली" म्हणायला तीन लागतात.

म्हणून "सूचना कमी द्या" म्हटलं की मला गुआम आठवतं. ती बांगडी ठरवणारा माणूस वाईट नव्हता. वैतागलेल्या नियंत्रकांना मदत करत होता.

अनुराधाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो. आता माझी गोष्ट. कुठल्या केंद्रातली ते सांगत नाही.

आमच्या सेक्टरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या आकाशाच्या तुकड्यात, एक बिंदू होता जिथं दोन मार्ग एकमेकांना छेदायचे. तिथं रोज कुठलं ना कुठलं विमान ३१० लेव्हलपर्यंत चढत यायचं आणि वरून ३२० ला दुसरं जायचं. मध्ये हजार फूट, सगळं नियमात. पण चढणाऱ्या विमानाचा वेग बघून संगणकाला वाटायचं की हे ३१० ला थांबणार नाही. आम्ही काय उंची दिली आहे हे त्या जुन्या यंत्रणेला कळत नव्हतं. मग लेबलं लाल. एका पाळीत चार-पाच वेळा. आम्ही स्वीकाराचं बटण दाबायचो, आवाज थांबायचा, विमान ३१० ला थांबायचं. वर्षानुवर्षं.

एका दुपारी मी "क्लाइंब थ्री वन झीरो" म्हणालो आणि वैमानिकानं परत म्हटलं, "क्लाइंब थ्री थ्री झीरो." त्याचं म्हणणं नीट ऐकणं हे माझं काम. प्रत्येक विमानाची माहिती लिहायला आमच्यासमोर एक कागदी पट्टी असते, मी तेव्हा दुसऱ्या विमानाच्या पट्टीवर वेळ लिहीत होतो. नंतर चौकशीत टेप ऐकवली. त्याचं "थ्री थ्री झीरो" अगदी स्वच्छ ऐकू येतं, आणि त्याच्या पाठोपाठ माझा आवाज, दुसऱ्या विमानाशी बोलणारा.

लेबलं लाल झाली आणि माझा हात बटणाकडं गेला. आवाज थांबला. मी दुसरीकडं बघायला लागलो. पाच सेकंद असतील, सहा असतील. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी, ज्याचा त्या विमानाशी काही संबंध नव्हता, चहाचा कप हातात धरून म्हणाला, "अरे, ते तीनशे दहा पार करतंय."

मी एकाला उजवीकडं वळवलं, दुसऱ्याला डावीकडं. साडेचार मैल आणि सहाशे फूट. नियम मोडला, विमानं वाचली. प्रवाशांना वळण थोडं जोराचं वाटलं असेल, एवढंच.

आता नव्या यंत्रणांत आम्ही दिलेली उंची संगणकाला माहीत असते. काही ठिकाणी वैमानिकानं स्वतःच्या यंत्रात कुठली उंची लावली आहे तेही पडद्यावर येतं. त्यानं ३३० लावलं की दिसतं, विमान तिथं पोचायच्या कितीतरी आधी. यंत्रमानव, तुमच्या लोकांनी हे केलं आणि मला ते फार मोलाचं वाटतं. यंत्रणेला जास्त माहिती दिली की उगाच वाजणं आपोआप कमी होतं. गुआमला माहिती न वाढवता वाजणं तेवढं कापलं.

———

यंत्रमानव | मंगळवार, रात्री ११:०२

समजलं. माझा प्रतिसाद मागे घेतो.

———

टोकियोकर | बुधवार, सकाळी ६:१५

मी गेली बारा वर्षं टोकियोत. २ जानेवारी २०२४ ला इथल्या हानेदा विमानतळावर जे झालं ते घरात बसून टीव्हीवर थेट बघितलं. उतरणारं मोठं प्रवासी विमान आणि धावपट्टीवर उभं असलेलं तटरक्षक दलाचं छोटं विमान. छोटं विमान नोतोच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले, बॅगा न घेता. छोट्या विमानातले सहापैकी पाच गेले.

दादांच्या मुद्द्याशी जुळणारी गोष्ट. टॉवरमध्ये धावपट्टी व्यापलेली असताना विमान उतरायला आलं तर पडद्यावर रंग बदलून सांगणारी यंत्रणा होती. मिनिटभराहून जास्त वेळ ती तसं दाखवत होती. नियंत्रकाच्या लक्षात आलं नाही. ती फक्त दिसायची, वाजायची नाही. अपघातानंतर काही दिवसांतच इथं तो पडदा सतत बघण्यासाठी वेगळा माणूस बसवला. यंत्र आधीपासून होतं, माणूस नंतर आला.

———

धावपट्टी_२७ | बुधवार, सकाळी ११:३०

मुंबईतही ८ जून २०२४ ला एकाच धावपट्टीवर एक विमान उडत असताना मागून दुसरं उतरलं होतं. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं, चौकशी लावली.

मला सॅन फ्रान्सिस्कोची ७ जुलै २०१७ ची घटना जास्त महत्त्वाची वाटते. मध्यरात्रीच्या सुमाराला एक एअरबस धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर (विमानं धावपट्टीपर्यंत ज्या रस्त्यानं जातात त्यावर) उतरायला निघाली. तिथं चार भरलेली विमानं रांगेत उभी. साठेक फुटांपर्यंत खाली येऊन ती वर गेली. टॉवरमधली यंत्रणा वाजली नाही, कारण तिला धावपट्टीकडंच बघायला शिकवलेलं होतं. टॅक्सीवेवर कुणी उतरेल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. रांगेतल्या एका वैमानिकानं रेडिओवर "हा कुठं चाललाय, हा टॅक्सीवेवर आहे" अशा अर्थाचं ओरडून सांगितलं. नंतर यंत्रणेत सुधारणा करून टॅक्सीवेही तिच्या नजरेखाली आणला.

———

खिडकीसीट | बुधवार, दुपारी १:०५

म्हणजे प्रत्येक वेळी कुणीतरी तिसराच ओरडतो. मावशी, चहावाला सहकारी, रांगेतला वैमानिक.

———

प्रश्नचिन्ह | बुधवार, रात्री ८:१५

मग स्पष्टच विचारतो, राग मानू नका. माणूसच जर कच्चा दुवा असेल तर त्याला काढून टाकायला काय हरकत आहे? संगणकानं थेट विमानाला सांगावं.

———

स्ट्रिपवाला | बुधवार, रात्री १०:५०

राग कशाचा. टीकॅस म्हणजे तेच आहे, आणि ते फार चांगलं आहे. पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ते आज्ञा देत नाही, कारण तिथं "खाली जा" म्हणणं म्हणजे जमिनीवर धाडणं. नेमकी त्याच थरात वॉशिंग्टनची टक्कर झाली.

२९ जानेवारी २०२५. उतरणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर, पोटोमॅक नदीवर. ६७ जण गेले. टॉवरमध्ये एसटीसीएसारखीच सूचना वाजली. नियंत्रकानं हेलिकॉप्टरला विचारलं, विमान दिसतंय का. उत्तर आलं, दिसतंय. हेलिकॉप्टरची आणि विमानांची अशा दोन जागांची कामं त्या रात्री एकाच माणसाकडं होती. झुरिकसारखंच.

पण मला त्या रात्रीपेक्षा आधीची तीन वर्षं जास्त अस्वस्थ करतात. तपासणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ ची नोंद काढली. त्या एका विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर एक सागरी मैल आणि चारशे फुटांच्या आत आल्याचे १५,२१४ प्रसंग. ८५ वेळा तर आडवं अंतर दीड हजार फुटांहून कमी आणि उभं दोनशेहून कमी. ही नोंद साठत होती. ती बेरीज करून कुणी मोठ्यानं वाचली नाही. हाही वाजणारा अलार्मच. टॉवरमधला नियंत्रक तो ऐकू शकत नाही, तो कार्यालयात बसणाऱ्यांनी ऐकायचा असतो. आणि दर वेळी खुर्चीवरच्या माणसाला काढून चौकशी बसते, खुर्ची रिकामी कुणी ठेवली ते विचारायला वर्षं लागतात. युबरलिंगेनचा खटला २००७ मध्ये निकाली निघाला, त्यात केंद्राच्या चार कर्मचाऱ्यांना दोषी ठरवलं. तोवर त्या रात्रीचा नियंत्रक जिवंत नव्हता. अपघातात बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका माणसानं फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला त्याच्या दारात भोसकलं. मला त्या बापाबद्दलही आणि त्या नियंत्रकाबद्दलही सारखंच वाटतं. दोघांचं आयुष्य कुणीतरी आखलेल्या पाळीत अडकलं.

माणूस काढण्याबद्दल अजून एक. ७ जानेवारी २०२२, बंगळुरू. दोन समांतर धावपट्ट्यांवरून जवळजवळ एकाच वेळी दोन विमानं उडाली, दोन्ही एकाच दिशेला वळणारी. एक धावपट्टी वापरायची नाही असं ठरलं होतं आणि ते तिथल्या टॉवर नियंत्रकापर्यंत पोचलंच नव्हतं. दोन्हींत मिळून चारशेहून जास्त माणसं. रडारवर बसलेल्या नियंत्रकाला ते दिसलं आणि त्यानं दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं. तोही माणूसच. प्रश्नचिन्ह, मला ती खुर्ची भरलेली हवी आहे. तिच्या शेजारची पण.

———

अनुराधा_नाशिक | गुरुवार, पहाटे ५:४०

रात्रपाळी संपवून वाचतेय. दादा, एक विचारू? त्या दुपारनंतर तुम्ही परत त्याच जागेवर बसलात का? मला माझ्या त्या रात्रीनंतर चार दिवस त्या खाटेजवळ जाववत नव्हतं.

———

स्ट्रिपवाला | गुरुवार, सकाळी ८:२०

बसलो, ताई. त्या दिवशी लगेच उठवलं, तसा नियमच आहे. मग चौकशी, पुन्हा प्रशिक्षण, परीक्षा. पाच आठवड्यांनी परत त्याच सेक्टरवर.

पहिल्याच तासात तो बिंदू आला. वर ३२० ला एक, खालून चढणारं दुसरं. मी "थ्री वन झीरो" दिलं, वैमानिकानं "थ्री वन झीरो" म्हटलं, मी पेन खाली ठेवून ऐकलं. तरी लेबलं लाल झाली, कारण यंत्रणा तीच होती. आवाज सुरू झाला आणि मी तो बंद केला नाही. खोलीतले दोघं-तिघं वळून बघायला लागले. पर्यवेक्षक मागं येऊन उभे राहिले, बोलले काही नाहीत. शेजारी तोच सहकारी, त्यानं माझ्या हातातली दुसरी पट्टी काढून स्वतःच्या फळीवर लावली.

३०५. ३०७. ३०९. ३१०.

३१०.

३१०.

लेबलं हिरवी झाली, आवाज आपोआप थांबला. मग मी पट्टीवर वेळ लिहिली.